देव्हाऱ्यातला राउटर

मित्रांनो, धसईच्या काळूराम आजोबांच्या घरी दोन शिंगे उभारून बसलेला मी एक जुना राउटर आहे. माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. ते गाव मला आठवत नाही. खोक्यातून निघालो तो थेट या घरात आलो, त्याला पाच वर्षे झाली.

माझे काम एकच. बारीक तारेतून जे येईल ते घरभर पोचवायचे. भाताचे भाव पोचवले, आजोबांची नात मनस्वी हिचे कॉलेजचे तास पोचवले, पण सर्वांत जास्त पोचवली ती कीर्तने. आजोबांनी चाळीस वर्षे गावच्या कीर्तनात टाळ धरला होता. कमरेचे हाड मोडल्यापासून ते खाटेवरच असत, आणि देऊळ मी त्यांच्यापर्यंत आणत असे. त्यासाठी शाबासकी मिळाली नाही. मीही मागितली नाही.

खंडेनवमीला मात्र नवल झाले. विळा-कोयत्यांच्या रांगेत आजोबांनी मलाही बसवले. सूनबाई सारिकाने हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली. पूजेनंतर अवजारे पडवीत गेली, पण आजोबा म्हणाले, "याला देवाजवळच ऱ्हाऊ दे गो. हरिनाम आनतो तो." मग दिव्याच्या वायरीसाठी पाडलेल्या भोकातून माझ्या तारा देव्हाऱ्यात घेतल्या आणि पितळी दारे लावली.

तेव्हापासून घरातले नेट अडखळू लागले. सारिकाने मला तीनदा बंद करून चालू केले. अंगणात जाऊन, रेंज शोधून, कंपनीला फोनही केला. कारण त्या गुरुवारी पाच वाजता वाशिंदच्या देवळात मनस्वीचे आयुष्यातले पहिले कीर्तन होते, आणि आजोबांना ते फोनवरच बघायचे होते.

गुरुवारी पाचाला दहा मिनिटे कमी असताना कंपनीचा नेट जोडणारा माणूस, हनुमान, आला. त्याने देव्हारा उघडला आणि हसू लागला.

"दिवे हिरवे हायेत, तार चांगली हाय. पन वहिनी, पितळेच्या दारांमागं कोंडलात, तर नेट भायेर येल कसं?"

"देवाजवळून हलवू नको रे," आजोबा खाटेवरून म्हणाले. "पाप लागंल."

"आजोबा, यो निरोप्या हाय. निरोप्याला कोंडलात, तर नातीचा निरोप कोन आनील?"

आजोबांनी विचारले, "पाचाला किती कमी हायेत?"

"सात मिनटं."

"मंग काढ. पन आदी मला हात जोडू दे."

त्यांनी हात जोडले. हनुमानने माझ्या जाळीतली हळद ब्रशने झाडली आणि मला खाटेसमोरच्या उघड्या फळीवर ठेवले. फोनवरचे चक्र थोडा वेळ फिरत राहिले. मग मनस्वी दिसली. तिचा आवाज पहिल्याच ओळीत थरथरला.

"घाबरली पोर," सारिका पुटपुटली.

आजोबांनी उशीखालचा टाळ काढला. वाशिंदचा आवाज माझ्यातून काही क्षण उशिराच पोचतो. तिला इथला टाळ ऐकू जाणार नव्हता. तरी ते वाजवत राहिले. तिसऱ्या ओळीपासून तिचा सूर लागला.

मित्रांनो, मान द्यायचा तर असा द्या: उघडी जागा, कोरडे फडके, जाळीला वारा. झेंडूची माळ देवाला घाला. आम्ही निरोपे आहोत. वाट मोकळी ठेवा, म्हणजे पुरे.