मर्व्हच्या टेकडीनं प्यायलेलं पाणी

माझी भाची लोइस जन्मली त्या साली, १९५८ला, वडिलांनी जमीन माझ्या दोघा भावांत वाटली. थोरल्या क्लॅरीला खालचं गव्हाचं शेत आणि तळं मिळालं. लोइसच्या बापाला, मर्व्हला, वरची टेकडी. मेंढ्यांच्या खुरांनी ती खळ्यासारखी घट्ट झाली होती. पाऊस पडला की सगळं पाणी घरंगळत तळ्यात यायचं.

"तुझ्या वाट्याला तर सडकच आली की रे," क्लॅरी हसला. "टोल बसव."

मर्व्हनं आपल्या वाटणीतल्या निम्म्या मेंढ्या विकल्या, टेकडीवर लसूणघास पेरला आणि उरलेला कळप एका जागी फार दिवस ठेवला नाही.

क्लॅरीनं लग्न केलं नाही, मीही नाही. त्याचं घर मी सांभाळत होते. काही वर्षांनी, फेब्रुवारीत, दक्षिण गोलार्धातल्या भर उन्हाळ्यात, आमचं सगळं रान करपून गेलेलं असताना, स्वयंपाकघराच्या खिडकीतून मर्व्हची टेकडी हिरवी दिसायला लागली. क्लॅरी खिडकीकडे पाठ करून जेवायला लागला.

पुढं तळंही भरेना. हिवाळ्यात पाऊस पडायचा, पण वरून पाणी उतरायचं नाही. क्लॅरीच्या वाट्याला आलेल्या, वडिलांनी जोपासलेल्या मेंढ्यांना उन्हाळाभर पाजायला तेवढं एकच तळं होतं.

"बांध घातलाय त्यानं," क्लॅरी म्हणाला. "झाडांच्या मागं कुठंतरी. एल्वा, माझं पाणी अडवून बसलाय तो."

"मग जाऊन विचार ना त्याला."

"चोराला काय विचारायचं?"

जुलैत, आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यात, मोठा पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी क्लॅरीनं पहार खांद्यावर टाकली, मला बरोबर घेतलं आणि कुंपण ओलांडलं. सगळी टेकडी पालथी घातली. बांध नव्हता, चर नव्हता, साधं डबकंही नव्हतं. चिडून त्यानं पहार जमिनीवर हाणली. लहानपणी इथं खांब रोवताना हाताला झिणझिण्या यायच्या. या वेळी पहार खसकन आत गेली. तिच्याबरोबर क्लॅरीही गुडघ्यावर आला.

"काय हरवलंय?" मागून मर्व्हनं विचारलं.

"माझं पाणी कुठाय?"

"तू उभा आहेस त्याच्याखाली. मुळं पार खोल गेलीत, जमीन मोकळी झालीय. पडलेलं मुरतं."

मला वाटलं, क्लॅरीचा जीव भांड्यात पडेल. उलट त्याचा चेहरा उतरला. बांध सापडता तर फोडता आला असता.

"मेंढ्या परत घाल इथं," तो म्हणाला. "तुडवू दे पहिल्यासारखं."

"वेडा का रे तू? तुझ्या मेंढ्या उन्हाळ्यात इकडं आण. मी बोअर घेतोय, पाणी पाजू. चाराही आहे."

"तुझ्या दारात मेंढ्या घेऊन येऊ? मी?"

"दार कसलं, फाटक आहे ते. तेही मोडकं."

मला हसू आलं. क्लॅरीनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी ते आवरलं.

घरी आल्यावर त्यानं तळ्याच्या वरच्या अंगाचं शेत धरलं. त्याच्याकडचं सगळ्यात चांगलं, गव्हाचं. वरची माती खरवडून काढली, रूळ मागून आणला आणि पाणी मुरू नये म्हणून जमीन ठोकून ठोकून गुळगुळीत केली.

"अरे, खाणार काय आपण?" मी विचारलं.

"तळं भरू दे, मग बघ त्याचं तोंड."

पुढच्या हिवाळ्यात तळं काठोकाठ भरलं. क्लॅरीनं मर्व्हला कुंपणापाशी हाक मारली आणि हात लांब करून दाखवलं.

"छान भरलंय," मर्व्ह म्हणाला. "आणि गहू?"

त्या शेतात पुढं गवताची काडीही उगवली नाही. पाणी होतं, चारा नव्हता. मर्व्हनं दोनदा निरोप धाडला, की मेंढ्या मी विकत घेतो, वडिलांचा कळप घरात राहील. क्लॅरीनं मेंढ्या ट्रकमध्ये भरून लांबच्या बाजाराला पाठवल्या, कमी भावात. मर्व्हच्या टेकडीवर त्या चरताना दिसू नयेत, एवढंच त्याला हवं होतं.

क्लॅरी १९७९च्या ऑगस्टमध्ये वारला. मर्व्ह १९८१च्या मे महिन्यात गेला.