मेली ती कोंबडीच

दारू पिऊन गाडी ठोकली म्हणून शिक्षा झालेल्या माणसाने नोकरी मागायला निघताना लाज घरीच खुंटीला टांगून निघावं. पाववाल्याला ते काही जमेना. बेकरीची व्हॅन चालवायचा म्हणून सगळे त्याला पाववाला म्हणायचे. व्हॅन गेली, बेकरी सुटली, परवाना गेला, नाव तेवढं राहिलं.

त्याने केलं तरी काय होतं? एका संध्याकाळी चांगली टाकून व्हॅन घेऊन निघाला आणि वळणावर सरळ रोपवाटिकेत घुसला. कुंपण आडवं झालं, कुंड्यांचा चुरा झाला आणि एक कोंबडी मेली. बस, एवढंच. माणसाला साधा ओरखडाही नाही. पण पिऊन गाडी चालवली ती चालवलीच, कोर्ट काही कोंबडीकडे बघून हसत नाही. परवाना रद्द झाला, वर दंड. बायको तेव्हा आजारी आईपाशी दुसऱ्या गावी होती. तिने तिकडूनच हातातल्या बांगड्या उतरवून भावाबरोबर पाठवल्या, तेव्हा कुठे दंड भरला गेला. परत आल्यावर तिने त्याला समोर बसवलं आणि सगळं पहिल्यापासून ऐकून घेतलं.

"कुणी मेलं नाही, म्हणून मी या घरात आहे," ती म्हणाली. "हे नीट ध्यानात ठेवा. आता दारूला शिवलात, नाहीतर नुसते घरात बसून राहिलात, तर पोरीला घेऊन मी दादाकडे जाणार. मग मागे यायचं नाही."

दारू त्याने सोडली. अगदी खरं सांगायचं तर सोडली हो, कुणाला पटो न पटो. पण दारू सोडण्यासारखं नोकरी मिळवणं काही आपल्या हातात नसतं. टायरच्या दुकानात त्याने सगळं खरं सांगून टाकलं. तोवर मालकाने त्याच्यासाठी चहा सांगितला होता, तो आलाच नाही. औषधांच्या गोदामात त्याने गप्प राहून बघितलं. आठवडाभरात कुणीतरी ओळखीचं निघालं आणि दुपारच्या डब्यासकट त्याला फाटकाबाहेर काढलं. इस्पितळाच्या धोबीखान्यातला कारकून तर बोलता बोलता खुर्ची मागे सरकवून नाकाला रुमाल लावून बसला. हा बिचारा सकाळपासून नुसत्या पाण्यावर! रोज संध्याकाळी घरी आला की बायको विचारायची नाही, नुसती बघायची. ते विचारण्यापेक्षा वाईट. कपाटावरची मोठी बॅग एक दिवस खाली आलेली त्याने पाहिली.

अशा वेळी त्याला एका ट्रकवाल्या मालकाने बोलावलं. मालकाचे मालवाहू ट्रक होते, ड्रायव्हर भरपूर होते आणि त्यातले बरेच पिणारे होते.

"पिऊन ठोकलीस?" मालकाने विचारलं.

"हो साहेब."

"शिक्षा झाली?"

"झाली."

"वा! मग तूच पाहिजेस मला."

पाववाल्याला वाटलं, थट्टा करतोय. पण नाही. दर सोमवारी नव्या ड्रायव्हरांना एका खोलीत बसवायचं आणि याने पुढे उभं राहून सांगायचं, बाबांनो, पिऊ नका, माझं काय झालं बघा. बाकीचे दिवस टायरची हवा तपासायची. हुद्दा 'सुरक्षा मार्गदर्शक', गळ्यात फोटोचा बिल्ला. त्या संध्याकाळी बायकोने शेजारणीला मुद्दाम हाक मारून तो बिल्ला दाखवला. बॅग परत कपाटावर गेली.

पहिल्या सोमवारी त्याने घडलं तसं सांगितलं. कोंबडीपाशी आला तशी खोली फुटली. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मग खाल्लीत की पुरलीत?" हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मालकाने त्याला आत बोलावलं.

"कोंबडीने कोण दारू सोडतं रे? माणूस मार."

"साहेब, पण मेलंच नाही कुणी."

"मग आता मार. तुझ्या बापाचं काय जातंय? हे बघ, रडवता येत असेल तर सोमवारी ये. हसवायला मला माणूस नकोय."

रविवारभर पाववाला डोकं धरून बसला. खोटं कसं रचायचं हेही त्याला ठाऊक नव्हतं. समोर त्याची लेक शाळा-शाळा खेळत दप्तर आवरत होती: एक वेणी सुटलेली, एका बुटाची नाडी लोंबतेय, गळ्यात पाण्याची लाल बाटली. त्याने तेवढंच उचललं. दुसऱ्या दिवशी खोलीत त्याने सांगितलं की एक शाळकरी मुलगी रस्ता ओलांडत होती, वेणी सुटलेली, बुटाची नाडी लोंबत होती, आणि धडक बसल्यावर लाल बाटली घरंगळत त्याच्या पायाशी आली. सांगताना त्याचाच आवाज फाटला. या वेळी कुणी हसलं नाही. मग एका शहाण्याने विचारलं, "मुलगी मेली तर तुम्ही बाहेर कसे?" पाववाला गडबडला आणि तोंडाला आलं ते बोलून गेला, "बायकोच्या बांगड्या विकून मिटवलं."

मालकाने पाठ थोपटली. तेव्हापासून दर सोमवारी ती पोर मरत राहिली. पाववाल्याला स्वतःची किळस यायची, पण पगार घरी यायचा, आणि दोन ड्रायव्हरांनी खरोखर दारू सोडली असं कुणीतरी सांगितलं, त्यावर त्याने मनाची समजूत घातली. घरी विचारलं की म्हणायचा, "रस्त्याचे नियम समजावतो." मूर्ख! तेव्हाच बायकोपाशी बोलला असता तर? पण ज्या नोकरीने बॅग वर गेली, तिच्याबद्दल वाकडं बोलायची हिंमत कुठून आणायची?

मग मालकाने कंपनीचा मेळावा ठरवला. सगळ्यांनी बायकापोरं आणायचीच, असा हुकूम. पाववाल्याने विचार केला, जेवण असेल, खुर्च्यांचे खेळ असतील. बायको ठेवणीतली साडी नेसली. लेकीने लाल बाटली गळ्यात अडकवली. मालकाने स्वतः येऊन त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, शेजारी माल पाठवणाऱ्या बड्या कंपन्यांचे साहेब. आणि माईक हातात घेऊन म्हणाला, "आता आमचा हिरा! ये रे, सांग."

पाववाला स्टेजकडे निघाला. वर चढला तेव्हा लेक टाळ्या वाजवत होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, आणि ठरवलं की नोकरी गेली खड्ड्यात.

"माझ्या गाडीखाली कुणी आलं नाही," तो म्हणाला. "मी पिऊन रोपवाटिकेत घुसलो. कुंड्या फुटल्या. मेली ती कोंबडीच. दर सोमवारी मी जे सांगतो ते खोटं आहे. मला सांगायला लावलंय."

मंडपात कुजबुज झाली. साहेब लोक मालकाकडे बघायला लागले. मालक मात्र पक्का गुरू. तो हळूच वर आला, त्याने पाववाल्याच्या खांद्यावर हात टाकला आणि माईक काढून घेतला.

"बघितलंत?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "समोर पोटची पोर बसलीय. तिच्यापुढे कोणत्या बापाची जीभ रेटेल? दर सोमवारी हा माणूस त्या पोरीची वेणी आठवून रडतो. तिच्या बुटाची नाडी, तिची ती लाल बाटली. बायकोच्या बांगड्या विकून प्रकरण मिटवलं, ते मनाला खातंय त्याच्या. आज घरच्यांपुढे नाही सांगता आलं. दारू माणसाला असं करते!"

"खोटं आहे!" पाववाला ओरडला. जितका ओरडला तितके लोक हळहळले. ज्यांनी सोमवारी ऐकलं होतं ते ड्रायव्हर माना हलवायला लागले. एकाने येऊन त्याला मिठीच मारली.

पहिल्या रांगेत बायकोने आपल्या मोकळ्या मनगटावरून हात फिरवला. मग तिने लेकीच्या गळ्यातली बाटली काढली आणि पिशवीत टाकली.

तिघं घरी आली. दार लावून मग म्हणाली, "बांगड्या दंड भरायला म्हणून मागवल्या होत्यात ना?"

"अगं दंडच होता! आईशप्पथ. हा बघ कोर्टाचा कागद."

"मिटवलेल्या प्रकरणाच्या कागदावर काय असणार? बांगड्यांचं त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच."

"बाटलीचं?"

"मीच. पण ते..."

"मग मालक कुठे खोटं बोलला?" ती म्हणाली आणि बॅग काढायला स्टुलावर चढली.

लेक भिंतीला टेकून उभी होती. तिने विचारलं, "बाबा, ती माझ्या शाळेतली होती का?" तो तिच्याजवळ गेला तशी ती आईच्या मागे सरकली.

सकाळी मेहुणा गाडी घेऊन आला आणि दोघींना घेऊन गेला. पाववाल्याला बघून त्याने साधी मानही हलवली नाही. दुपारी मालकाचा फोन आला. पाववाल्याला वाटलं, आता हाकलणार.

"अरे काय कमाल केलीस!" मालक खुशीत होता. "साहेब लोकांच्या डोळ्यांत पाणी! एकाने तिथल्या तिथे वर्षाचं काम दिलं. आता दर सोमवारी असंच करायचं. आधी नाही म्हणायचं, मग मी येतो. पगार वाढवलाय तुझा."

सोमवारी तो गेला. न जाऊन करणार काय, घरात बसून भिंती बघायच्या? नव्या ड्रायव्हरांसमोर उभा राहिला आणि त्याने सगळं सांगितलं, वेणी, नाडी, बाटली. नाही म्हणायचं तेवढं विसरला. सांगून झाल्यावर पुढच्या बाकावरच्या एकाने दबक्या आवाजात विचारलं, "दादा, त्या मुलीचं नाव काय होतं?"

हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्याने आपल्या लेकीचं नाव सांगितलं.