बुटासकट पाय

आत्या पुन्हा पडली. स्वयंपाकघरातून बाहेर येताना, नेहमीसारखीच मागे, पाठीवर. भावजयीने हातातलं काम टाकून तिला उठवलं आणि म्हणाली, "ताई, मनातली भीती काढा आता."

भीती हा शब्द ऐकला की आत्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. तळपाय आता एकच उरला होता, तरी आग तेवढीच.

आत्या शाळेत शिपाई. भूकंप झाला तेव्हा ती वर्ग झाडत होती. भिंत पडली आणि उजवा पाय गुडघ्याखालून गेला. जखमींसाठी उघडलेल्या केंद्राने तिला नवा पाय दिला, वर बुटांचा जोडही दिला. केंद्रात ती आधाराच्या दांड्या सोडून झपाझप चालायची. घरी आली की पडायची. मागून कुणी ओढल्यासारखं होतं, हे तिने तिथे घसा कोरडा करून सांगितलं. त्यांनी तिला समुपदेशकाकडे धाडलं. भूकंप अजून तिच्या मनात चालू आहे असा शोध त्या गृहस्थाने लावला आणि रोज दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. आत्याने इमानेइतबारे श्वास घेतले आणि इमानेइतबारे पडत राहिली.

हेही तिने हसण्यावारी नेलं असतं. पण मुख्याध्यापक घरी आले. शाळा पुन्हा भरतेय, कामावर यायला जमेल ना, असं विचारायला आले होते. जमेल म्हणत आत्या त्यांना पाणी आणायला उठली आणि तांब्यासकट आडवी झाली. सर फार हळहळले. त्याच आठवड्यात त्यांनी दुसरी बाई नेमली.

आज दुपारी केंद्रातली फिजिओबाई पहिल्यांदाच घरी आली. वयाने पोरसवदा, बोलायला गोड. आल्या आल्या म्हणाली, चालून दाखवा. आत्या निघाली. पोरगी वाकून तिच्या पायाकडे बघत होती, आणि आत्या मागे कलली तेव्हा तिने धावत येऊन तिला सावरलं.

"मावशी, तुम्ही घरात बूट काढता?"

"मग?"

पोरीने खाली बसून त्या पायाची टाच चाचपली. मग खाली बघत तिने सांगितलं, की हा पाय बुटाच्या टाचेची उंची धरून बसवलेला आहे. बूट काढला की टाच खाली जाते, पाय मागे कलतो आणि माणसाला मागे ढकलतो.

"मग हे मला कुणी का नाही सांगितलं?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही बूट घालूनच वावरत असाल."

"घरात?" आत्याने तिच्या पायांकडे बघितलं. "तुझे कुठायत?"

पोरीचे बूट दाराबाहेर होते. तिने पायाची बोटं आखडून घेतली.

आत्याला रडू आलं, पण ते रागाचं होतं. इतके महिने तिला भित्री ठरवलं. गोड बोलून ठरवलं, म्हणून तर जास्त झोंबत होतं. एवढी शिकलेली माणसं त्या केंद्रात, आणि घरी तू कशी चालतेस हे विचारायला एकालाही तोंड नव्हतं. तिची नोकरी गेली ती भूकंपाने नाही, यांच्यामुळे गेली.

पोरगी माफी मागत होती. पाय लगेच नीट करून देऊ म्हणत होती.

"तो तर तू करशीलच. आत्ता माझ्याबरोबर शाळेत चल."

"पण मावशी, तिथे आता दुसऱ्या बाई आहेत."

"तिच्या पोटावर पाय नाही द्यायचा मला. सरांनी मला पडताना बघितलंय. त्यांनी मला चालताना बघायला पाहिजे."

बूट घालून आत्या शाळेत गेली. फिजिओबाईने चाचरत सगळं सांगितलं. सर म्हणाले, अरेरे, आधी कळलं असतं तर. पुढचं ऐकायला आत्या थांबली नाही. व्हरांड्यातून सरळ शेवटच्या वर्गापर्यंत गेली, वळली, परत आली. सर दारात उभे होते. त्यांनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

पलीकडे नवी बाई एका वर्गाच्या कुलपाशी झगडत होती. आत्या तिच्याजवळ गेली.

"किल्ली थोडी वर उचल," ती म्हणाली, "आणि मग फिरव."

कुलूप उघडलं. नव्या बाईने हसून तिला विचारलं, "तुम्ही कोण?"