बेलाच्या जुडीतला काडीकिडा

"अगंबाई! आजी, तुमच्या जुडीतली काडी चालायला लागली!"

गिऱ्हाईक बाई ओरडून दोन पावलं मागे सरली आणि बेल विकणाऱ्या साळूबाईचा हात जुडीवरच थांबला. नव्याण्णव सालचा श्रावणी सोमवार, पंचवटीतल्या देवळाच्या पायऱ्यांशी पाय ठेवायला जागा नाही, आणि नेमकं आजच हे! बेलाच्या देठाची गाठ मोडल्याशिवाय पान महादेवाला वाहत नाहीत. ती गाठ साळूबाई बोलता बोलता नखानं मोडायची. आत्ताही एक मोडली होती, पण ती देठाची नव्हती. मोडलेला तुकडा तिच्या चिमटीत वळवळला.

"दिसत नाही का हो? देवाच्या दारात किड्याचा पाय तोडलात!"

दिसत नव्हतंच. वर्षभर तिला सगळं धुक्यातलं दिसत होतं आणि ही गोष्ट तिनं कोणाला कळू दिली नव्हती. सुनेला कळलं तर ती म्हणणार, आता घरी बसा. नवरा गेल्यावर मळ्यातल्या बेलावर आणि या पायरीवर साळूबाईनं संसार ओढला होता. घरी बसून काय भिंतीशी बोलायचं?

तेवढ्यात सून उज्वला मखमलाबादहून फुलांची पाटी घेऊन पोचली. संपलं सगळं, साळूबाईला वाटलं.

उज्वलानं पाटी उतरवली, जुडी उचलली आणि चक्क हसायला लागली. "अहो ताई, आत्याबाईंना कशाला बोलता? हा काडीकिडा. कोणालाबी फसवतो." मग जुडी सासूजवळ धरून ती सावकाश सांगू लागली, जणू गिऱ्हाइकालाच सांगतेय. "वीतभर लांब हाय. वाळक्या डहाळीवानी तपकिरी. अंगाला जागोजाग पेरं, देठाच्या गाठीवानीच. पुढचे दोन पाय नाकासमोर सरळ ताणलेत, डोकं त्यातच दडलंय. अन् वारं नसताना डुलतोय, लबाड! एक पाय गेला, पण पाचांवर मजेत चाललाय."

साळूबाईपुढे तो किडा लख्ख उभा राहिला. बाईचाही राग निवळला. "खरंच की, मलाही आधी डहाळीच वाटली," म्हणत दोन जुड्या घेऊन ती गेली. उज्वला किड्याला देवळामागच्या झाडावर सोडून आली.

साळूबाईला राहवेना. "उज्वला, मला दिसत नाय गं."

"ठावं हाय, आत्याबाई. संक्रांतीपासनं."

"मग बोलली का नाय?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत व्हते. डोळे दाखवू आपण. तवर गाठी तुम्ही मोडा, पानं मी निवडते. जागा तुमचीच."

लेक दिली नाही म्हणून साळूबाई जन्मभर महादेवाशी भांडत आली होती. आज तिनं देवळाकडे तोंड करून हात जोडले आणि ते भांडण मिटवून टाकलं.

बसायचं गोणपाट एकाच माणसापुरतं होतं. साळूबाई जरा सरकली आणि शेजारची जागा तळव्यानं झटकून साफ केली.