मला बाहेर ठेवलं तो हिवाळा

मित्रांनो, तुम्ही कधी टॅक्सीने महाबळेश्वर फिरला असाल, तर त्या गाडीच्या चाकांत माझीच हवा असेल. स्टँडच्या पुढच्या वळणावर जोतीरामचं पंक्चरचं दुकान आहे. तिथला मी जुना कॉम्प्रेसर. सांगलीच्या एका कारखान्यात माझी निळी टाकी जोडली, तिच्यावर मोटर आणि पंप बसवले, आणि टेम्पोत दोरांनी बांधून मला घाट चढवला.

जोतीराम मूळचा वडूजकडचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लहानपणी नुसत्या ओरडण्यावरून कुठलं कोकरू चुकलंय ते तो सांगायचा. त्याच कानांनी त्याने मला ओळखलं. माझा पट्टा जरा सैल झाला, की हातातलं चाक न सोडता तो म्हणायचा, "थांब गड्या, तुझं कायतरी बिनसलंय." टॅक्सीवाले माझं कौतुक करत, तेव्हा मला फार अभिमान वाटे.

पण दुकान पत्र्याचं होतं आणि मी आतच, जोतीरामपासून चार हातांवर. मी सुरू झालो की पत्रे थरथरत, माणसं ओरडून बोलू लागत. अठरा वर्षं असंच चाललं. कान दुखत नाहीत, तरी झिजतात, हे ना मला ठाऊक होतं ना त्याला.

आधी त्याला पाखरं ऐकू येईनाशी झाली. मग फोन. मग समीक्षा. समीक्षा त्याची थोरली मुलगी. कॉलेज संपवून ती दुकानात उभी राहिली होती आणि जीपची चाकंसुद्धा एकटी खोलायची.

"आण्णा, मगाधरनं हाका मारतीया मी!"

"तूच हळू बोलतीस. त्याला मी काय करू?"

शेवटी तिने त्याला साताऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. गेलेलं परत येणार नाही, उरलंय ते सांभाळा, मशीन बाहेर काढा, असं डॉक्टर म्हणाले. जोतीराम परत आला आणि त्याने रोजच्यासारखं माझं बटण दाबलं. "आता काय ऱ्हायलंय ऐकायचं?" एवढंच तो म्हणाला.

मग डिसेंबरात एका सकाळी ऋषिराज नावाचा टॅक्सीवाला आला. मी बंद होतो. समीक्षा पाठमोरी बसून ट्यूब घासत होती. "ताई, पाना द्या," ऋषिराज म्हणाला. ती हलली नाही. तो पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिने वळून विचारलं, "काय म्हनलास?"

जोतीरामला यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पण एव्हाना तो माणसांचे ओठ वाचायला शिकला होता. ऋषिराजचे ओठ तीनदा हललेले त्याने पाहिले. हातातली पहार खाली ठेवून तो लेकीकडे बघत राहिला. त्याच दुपारी त्याने माझ्या वायरी सोडवल्या.

भिंतीमागे त्याने विटांचा ओटा बांधला, माझ्या पायांखाली जुन्या टायरचे तुकडे घातले. भोवती फळ्यांची पेटी केली, आतून काथ्याची जुनी गादी फाडून लावली आणि वर पत्रा टाकला. लांब पाइप भिंतीतून आत नेला. पेटी चहूकडून बंद होती, त्यामुळे तासाभरात माझा जीव गुदमरला आणि मोटर तापून बंद पडली. मग त्याने करवत घेऊन एक खिडकी खाली आणि एक वर कापली.

दुसऱ्या दिवशी पहाटे तळ्याकाठच्या गवतावर दहिवर गोठलं. माझ्या पंपातलं ऑईल गारठून घट्ट झालं. जोतीरामने बटण दाबलं, मी नुसता घुमलो, पट्टा जागचा हलेना. बाहेर नाताळच्या गर्दीच्या पाच टॅक्सी उभ्या होत्या.

"आवं मामा, आत घ्या की परत," ऋषिराज त्याच्यासमोर येऊन म्हणाला. "दोन म्हयन्यांच्या थंडीचा तर परश्न हाय."

"न्हाई. माझं कान गेलं ते गेलं. पोरीचं न्हाई जाऊ द्यायचं."

त्याने टॅक्सी दुसऱ्या दुकानाकडे पाठवल्या. माझं घट्ट ऑईल काढून थंडीत चालणारं पातळ ऑईल भरलं. टाकीखालचा नळ उघडून हवेतल्या ओलाव्याचं साठलेलं तांबूस पाणी सोडलं. मग किती तरी वेळ पट्टा हातानं फिरवत बसला. दहाच्या सुमारास मी सुरू झालो.

आत समीक्षा गिऱ्हाइकाशी साध्या आवाजात बोलत होती. त्या दुकानात असं कधी झालं नव्हतं. ती जोतीरामच्या समोर जाऊन उभी राहिली.

"आण्णा, किती शांत वाटतंय बघा!"

तो हसला. मग हळूच त्याने विचारलं, "मशीन चालू हाय न्हवं?"

तिने होकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरून आले. तो मागे आला, माझ्या पेटीवर त्याने तळहात टेकला आणि टाकी भरून मी थांबेपर्यंत तसाच उभा राहिला.

त्याला तीन हिवाळे झाले. समीक्षाचे कान होते तेवढे टिकले आहेत. जोतीरामला आता काहीच ऐकू येत नाही. त्याची माफी मागावी असं मला फार वाटतं. पण माझ्याजवळ आवाज आहे तो हाच.

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. माझ्यासारख्याला बाहेर आडोसा करून द्या, श्वासाला जागा ठेवा, पोटातलं पाणी रोज काढा. आणि माझ्याजवळ राबणारं कुणी तुम्हाला दोनदा "काय?" म्हणून विचारू लागलं, तर चिडू नका. मला बंद करा, आणि त्याच्याजवळ जाऊन बोला.