पेवात पाणी

बाळीवेशीतल्या तिप्पण्णाच्या घरात अंगणाखाली एक पेव होतं. वरून फक्त गोल दगडी झाकण दिसे. त्याखाली माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड, आणि आत रुंद होत गेलेला खोलीएवढा खड्डा. तिप्पण्णाच्या आजाच्या काळापासून त्यात ज्वारी साठवत. अडतीचं दुकान मार्केट यार्डात गेलं तशी ज्वारीही तिथल्या गोदामात गेली, आणि बहात्तरच्या दुष्काळात तर पेवात ठेवायला काही उरलंच नाही.

त्याच दुष्काळाच्या उन्हाळ्यात तिप्पण्णाची बायको महादेवी सार्वजनिक नळावरच्या रेटारेटीत पडली आणि तिचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण भरलेली घागर उचलली की कळ यायची. तिनं नवऱ्याला एकदाच सांगितलं, "पुढच्या उन्हाळ्यात मी नळावर उभी राहणार न्हाई. घरात पाण्याची सोय झाली तर राहते. न्हाईतर पोरांना घेऊन जेऊरला भावाकडं जाते. तिथं विहीर हाय."

तिप्पण्णानं हे हसण्यावारी नेलं नाही, कारण माळ्यावरची ट्रंक खाली येऊन खोलीत बसली होती. त्यानं परमिटवर सिमेंट मिळवलं आणि पेवाला आतून गिलावा करून घेतला. मागच्या दोन खोल्यांवर नवा स्लॅब होता. त्याच्या पन्हाळीला पत्र्याचा नळ जोडून तो पेवाच्या तोंडाशी आणून सोडला. "दोन दणके पाऊस झाला की भरलं बघा," गुंडा गवंडी म्हणाला. हे होईपर्यंत निम्मा पावसाळा गेला होता. पण सोलापूरचा भरवशाचा पाऊस उत्तरा-हस्ताचा, आणि तो अजून यायचा होता.

अडचण होती ती तिप्पण्णाच्या आईची, चंद्रव्वाची.

चंद्रव्वा मंद्रूपहून लग्न होऊन आली तेव्हापासून पेव तिच्या ताब्यात होतं. पेवात पाणी शिरलं की वर्षाची ज्वारी कुजते, एवढी एकच गोष्ट तिनं या घरात जन्मभर सांभाळली होती. आभाळ भरून आलं की ती जेवता जेवता उठायची, पूजेवरून उठायची. झाकण सरकवायची, कडेनं माती लिंपायची, वर पोती टाकायची. तिप्पण्णा लहानपणी भिजून घरी आला की "डोकं पूस" असं कुणी म्हणत नसे. "झाकण बघितलंस का?" असं विचारत.

महादेवीनं सासूला समोर बसवून समजावलं. या घरात सासूला अत्ती म्हणत.

"अत्ती, पेवात आता ज्वारी न्हाई. पाणीच भरायचंय."

"व्हय की. कळतंय मला. मी काय खुळी हाय?"

"मग पाऊस आला की झाकायचं न्हाई."

"कशाला झाकीन मी?"

उत्तरा नक्षत्राचा पहिला मोठा पाऊस दुपारी आला. महादेवी आधीच स्लॅबवर होती. तिनं धूळ झाडली, चंद्रव्वानं परस्पर वाळत घातलेल्या मिरच्या गोळा केल्या, पहिलं गढूळ पाणी बाहेर सोडलं आणि मग नळ पेवाकडे वळवला. मिरच्या घरात टाकून ती अंगणात आली, तर पेवाचं झाकण बसलेलं होतं. कडेनं माती लिंपलेली, वर चार पोती. चंद्रव्वा हात धूत होती. पाणी अंगणभर पसरून मोरीतून रस्त्यावर चाललं होतं.

"वेळेवर बघितलं बाई," चंद्रव्वा म्हणाली.

"अत्ती, हे काय केलं?"

चंद्रव्वानं आपल्या हातांकडे पाहिलं. "हात आपले आपण गेले गं. थांब, उघडते की."

दोघींनी मिळून माती खरवडून दगड सरकवला तेव्हा भुरभुर उरली होती.

पुढच्या पावसाआधी महादेवीनं झाकण लाकडांच्या ढिगामागे लपवलं. पाऊस आला. चंद्रव्वाला झाकण सापडलं नाही, म्हणून तिनं भाकरीची काटवट पेवावर पालथी घातली आणि तिच्यावर स्वतः बसली. महादेवीनं तिला उठवलं, काटवट उचलली, तेवढ्यात पाऊस थांबला. चंद्रव्वा ओल्या लुगड्यानं उभी होती. तिला खोटं बोलता येत नव्हतं, त्यामुळे तिच्यावर नीट चिडताही येत नव्हतं.

"मला आठवतच न्हाई बघ," ती म्हणाली. "ढग बघितला की मला काय बी आठवत न्हाई."

"मग ढग बघू नका."

"ते कसं जमंल?"

नळावर ही बातमी आधीच पोचली होती. शेजारच्या बसव्वानं रांगेत सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं महादेवी, पेवात पाणी किती झालं?"

"वाटीभर."

"मग त्यातलं चमचाभर आमास्नी बी दे की. तीर्थ म्हणून घेतो."

बाया हसल्या. महादेवीनं अर्धीच घागर भरली, दुसऱ्या हातानं उचलली आणि घरी येऊन तिप्पण्णाला म्हणाली, "अत्तींना मंद्रूपला पाठवा. हस्त संपेपर्यंत."

"काय सांगून?"

"शिवम्मानं बोलावलंय म्हणून." शिवम्मा तिप्पण्णाची बहीण, ती मंद्रूपलाच दिली होती.

"खोटं सांगू आईला?"

"मग खरं सांगा. मला ट्रंक भरायला वेळ लागत न्हाई."

तिप्पण्णानं आईला एसटीत बसवलं. चंद्रव्वाला लेकीचं बोलावणं पटलं, पण वेळ पटली नाही. गाडी सुटताना तिनं खिडकीतून त्याला बजावलं, "तिप्पा, हस्त हाय. आभाळाकडं ध्यान ठेव."

"ठेवतो, अव्वा," तो म्हणाला.

रविवारी दुकान बंद होतं. जेवून तिप्पण्णा सोप्यात आडवा झाला. दुपार कलताना पूर्वेकडून आभाळ काळं झालं आणि महादेवी खराटा घेऊन स्लॅबवर गेली. सरी आल्या त्या एकदमच आल्या. तिनं पहिलं पाणी सोडून दिलं, नळ वळवला आणि वाट पाहत उभी राहिली. रिकाम्या पेवात पाणी पडलं की घुमल्यासारखा आवाज येईल, असं गवंडी म्हणाला होता. आवाज आला तो दगडावर पाणी आपटल्याचा.

तिनं कडेला येऊन खाली वाकून पाहिलं.

तिप्पण्णा अंगणात उकिडवा बसला होता. धोतर खोचलेलं, डोक्यावर पोत्याची खोळ, थेट आईसारखी. लपवलेलं झाकण त्यानं शोधून काढलं होतं, बसवलं होतं, आणि आता कडेनं दोन्ही हातांनी माती लिंपत होता.

"अहो," महादेवी म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. "तू काळजी करू नको. झाकलंय मी. एक थेंब आत जाणार न्हाई."

महादेवी तिथंच, भर पावसात, स्लॅबवर खाली बसली. तिथूनच तिनं शांतपणे विचारलं, "आत ज्वारी किती पोती भरलीय?"

तिप्पण्णाचा हात थांबला. त्यानं झाकणाकडे पाहिलं, वरून येणाऱ्या नळाकडे पाहिलं, मग स्वतःच्या कोपरापर्यंतच्या मातीकडे.

"ढग गडगडला अन् जाग आली," तो म्हणाला. "मग मी हितंच होतो."

"उघडा आधी. बोलू मागनं."

त्यानं माती उपसली, झाकण ढकललं. या वेळी पाऊस थांबला नाही. संध्याकाळी बांबू सोडून पाहिला तर निम्मं पेव भरलं होतं.

पुढच्या आठवड्यात, हस्त संपायच्या आतच, चंद्रव्वा परत आली. पिशवी खाली न ठेवताच ती पेवाशी गेली आणि आत डोकावली. तिचा चेहरा पडला.

"पाणी शिरलंय," ती हळू आवाजात म्हणाली. मग स्वतःच सावरली. "म्हंजे भरलंय म्हणायचं. व्हय ना?"

"व्हय."

"कुणी झाकलं न्हवतं?"

"झाकलं होतं की. तुमच्या लेकानं. माती लिंपून, डोक्यावर पोतं घेऊन."

चंद्रव्वानं वळून तिप्पण्णाकडे पाहिलं. तो सदऱ्याची गुंडी लावत होता. ती लागलेलीच होती.

"झाकणावर पोती किती टाकलीस?" तिनं विचारलं.

"टाकलीच न्हाईत."

"मग ते कसलं झाकणं."

महादेवीनं कपाळावर हात मारला. निम्मं पेव म्हणजे काटकसरीनं शिवरात्रीपर्यंत. उन्हाळा त्यापुढेच सुरू होत होता. तिनं ट्रंकेतले मुलांचे कपडे काढून खुंटीला लावले, स्वतःची लुगडी तशीच ठेवली.

हस्ताचा शेवटचा दिवस होता. तिन्हीसांजेला तिघं सोप्यात बसली असताना मंद्रूपच्या बाजूला ढग वाजला. मायलेक दोघंही एकदम अर्धवट उठली.

"बसा," महादेवी म्हणाली.

दोघं बसली. चंद्रव्वानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. पावसाचा आवाज स्लॅबवर वाढत गेला. महादेवी जाऊन नळ वळवून आली, आणि थोड्याच वेळात अंगणातून पाण्यात पाणी पडत असल्याचा जड आवाज येऊ लागला. चंद्रव्वानं डोळे मिटून घेतले.

बराच वेळ तो आवाज तसाच चालू राहिला. मग तिप्पण्णानं अंदाज घेत विचारलं, "ट्रंक माळ्यावर टाकू का?"

"पाऊस थांबल्यावर," महादेवी म्हणाली. "आत्ता तुम्ही जागचं हलू नका."