इंदोरा इलेव्हनची कुंडली

ज्याची टीम तळाला, त्याने पुढच्या सीझनची कुंडली मांडायची, म्हणजे कुणाच्या टीमचं काय होणार ते लिहायचं, असा लीगचा नियम होता. कुंडलीवर काडीचाही विश्वास नसलेल्या दहा माणसांनी मुद्दाम, स्वतःलाच चिडवायला ठेवलेलं हे नाव. मंडळी बहुतेक नागपूर-अमरावतीकडची, आता इलिनॉयपासून मिशिगनपर्यंत पांगलेली. एका वर्षी भीमजयंतीच्या कार्यक्रमानंतर हॉलमधल्या खुर्च्या आवरता आवरता कुणीतरी फॅन्टसी बेसबॉलची टूम काढली आणि सगळेच तिच्या नादी लागले. खेळ तसा सोपा. खऱ्या बेसबॉलचे खरे खेळाडू आपापसांत वाटून घ्यायचे. ते मैदानावर जे काही दिवे लावतील, त्याचे गुण आपल्या टीमला. एकदा घेतलेला खेळाडू आपण काढेपर्यंत वर्षानुवर्षं आपलाच. फक्त रोज सकाळी साइटवर जाऊन आज कोण खेळणार ते लावायचं. नाही लावलं तर टीमपुढे लाल खूण येते आणि सगळ्या गावाला कळतं की मालक झोपलाय.

यंदा कुंडलीचं काम शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या रवी मेश्रामकडे आलं होतं. त्याच्या टीमचं नाव ‘विनीताला विचारून सांगतो’, आणि बायकोला न विचारता घेतलेले त्याचे सगळे मोहरे जुलैपर्यंत आपटले होते. रविवारी सगळे ऑनलाइन जमणार, आधी रवी कुंडली वाचणार, मग नव्या खेळाडूंची वाटणी. तळाला गेलेल्या माणसाला वर्षातून एकदा सगळ्यांची टिंगल करायचा हक्क मिळतो, म्हणून रवी या कामावर खूश होता. लीगचे आयुक्त पंडितदादा, वयाने सगळ्यांत मोठे. त्यांच्याबद्दल त्याने लिहिलं: बॅटिंग दणदणीत, पिचिंगच्या नावाने आनंदीआनंद, तरी दादा स्वतःलाच पहिला नंबर देतील. असं एकेक करत तो इंदोरा इलेव्हनपर्यंत आला आणि अडला.

इंदोरा इलेव्हन अनुपची. नागपूरच्या इंदोऱ्यातला अनुप, हॉस्टेलपासूनचा रवीचा दोस्त, आता मिशिगनमधल्या ॲन आर्बरला. बेसबॉलमध्ये नऊच जण असतात हे त्याला पहिल्याच वर्षी सांगून झालं होतं, पण त्याने नाव बदललं नाही. एकदा घेतलेलं काहीच तो सोडत नसे. त्याच्या टीममध्ये एक म्हातारा पिचर होता, सगळे त्याला आजोबा म्हणत. खांद्याचं ऑपरेशन झालेलं, चेंडू निम्म्या वेगाने जायचा. अनुप म्हणायचा, आता नाही चालत म्हणून काय हाकलून द्यायचं? दर वर्षी आजोबांपायी त्याचे गुण जायचे, दर वर्षी तो सातवा-आठवा यायचा आणि त्याला त्याचं काही वाटत नसे.

गेल्या साली मात्र तो तिसरा आला होता. तेव्हा रवीला कौतुक वाटलं होतं, थोडं जळायलाही झालं होतं. आता टीम नीट बघताना कपाळाला आठ्या पडल्या. जुनी खोडं सगळी गेलेली. त्यांच्या जागी कोवळी पोरं, खऱ्या बेसबॉलच्या अजून खालच्या लीगमध्ये खेळणारी, पण दोन वर्षांनी चमकतील अशी. जिथे नड होती तिथे माणूस, जिथे गर्दी होती तिथे काटछाट. टीम फार हुशारीने बांधलेली होती. ती अनुपची नव्हती.

आजोबांना काढलं तो ऑगस्टचा दिवस रवीला आठवला. शिकागोला जाणाऱ्या ट्रेनमध्ये उभ्याउभ्या त्याने ते फोनवर पाहिलं होतं आणि अनुपला थम्स-अप पाठवला होता, खाली ‘शेवटी अक्कल आली’ एवढंच. उत्तर आलं नव्हतं. रवीने ते मनावर घेतलं नव्हतं. अनुपची टीम रोज सकाळी व्यवस्थित लागलेली दिसायची, म्हणजे अनुप बरा आहे, असं तो धरून चालला होता.

त्याने फोन लावला. उचलला नाही. थोड्या वेळाने मेसेज आला, कामात आहे, वीकेंडला बोलू. रवीचं समाधान होईना. त्याने एक उद्योग केला. साइटवर अनुपला अदलाबदलीचा प्रस्ताव पाठवला: तुझा सगळ्यांत चांगला खेळाडू, तो शॉर्टस्टॉप, मला दे, मी तुला माझा लंगडा कॅचर देतो. असला प्रस्ताव पाठवला की अनुप हातातलं काम टाकून फोन करायचा आणि अर्धा तास अस्सल नागपुरी शिव्या घालायचा. त्या शिव्यांसाठीच रवी असले प्रस्ताव पाठवायचा. या वेळी थोड्याच वेळात उत्तर आलं. प्रस्ताव नाकारला आहे, धन्यवाद.

त्या धन्यवादाने रवी हादरला. जेवताना त्याचं लक्ष नव्हतं, टीव्हीपुढे बसवेना, बाहेर जाऊन त्याने आधीच साफ असलेल्या ड्राइव्हवेवरचा बर्फ पुन्हा ओढला. शेवटी विनीताने विचारलं, काय बिनसलंय? त्याने सांगितलं. ती म्हणाली, शेवटचं बोलणं कधी झालं तुमचं?

“रोज बघतो की मी त्याची टीम.”

“टीम बघतोस,” विनीता म्हणाली. “त्याला कधी पाहिलंस?”

रवीने आठवून पाहिलं. मागच्या जयंतीला अनुप आला होता, साउंड सिस्टिम त्यानेच लावली होती. त्यानंतर नाही. दिवाळीला ‘जमणार नाही’ आलं, ख्रिसमसला ‘पुढच्या वेळी नक्की’. विनीताने तिथल्या तिथे अनुपच्या बायकोला, भावनाला, फोन लावला. दोन मिनिटांत ठेवलाही. भावना म्हणाली होती, सगळं मस्त, अनुप फार बिझी, मुलगी छान, थंडी फार. विनीता म्हणाली, इतकं एका दमात कुणी मस्त असतं का.

शनिवारी सकाळी रवी गाडी काढून निघाला. वाटेतलं इंडियाना राज्य संपेपर्यंत त्याने तीनदा रेडिओ लावला आणि तीनदा बंद केला. मध्येच वाटायचं, आपण उगाच राईचा पर्वत करतोय, अनुप दार उघडून हसेल आणि वर्षभर ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटेल. असं झालं तर किती बरं, असं वाटून तो गाडी आणखी जोरात हाणायचा.

दार भावनाने उघडलं. ती फार्मसीत काम करते, नेहमी टापटीप. आजही केस नीट, अंगावर इस्त्रीचा कुर्ता. रवीला बघून तिचा चेहरा उतरला आणि लगेच पुन्हा हसरा झाला. जय भीम झाला. अनुप ऑफिसला गेलाय, ती म्हणाली, शनिवारीसुद्धा बोलावतात हल्ली. रवीने मागे वळून पाहिलं. अनुपची गाडी ड्राइव्हवेमध्ये उभी होती, आणि तिच्यावर एका रात्रीचा नव्हे, थरावर थर चढलेला, कडक झालेला बर्फ होता. भावनानेही तिकडे पाहिलं. मग ती दारातून बाजूला झाली.

मुलगी आरोही मैत्रिणीकडे गेली होती. स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच भावनाने सगळं सांगितलं. नोकरी जूनमध्ये गेली. ग्रीन कार्ड आदल्याच वर्षी आलेलं, म्हणून देश सोडायची वेळ आली नाही, एवढंच. पहिला महिनाभर त्याने अर्ज केले, इंटरव्ह्यू दिले. मग एक दिवस केला नाही, दुसऱ्या दिवशी केला नाही, मग खाली बेसमेंटमध्ये झोपायला लागला. डॉक्टरकडे एकदा नेलं. गोळ्या दिल्या होत्या, त्या त्याने सोडल्या.

“कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली त्याने,” ती म्हणाली. “इंदोऱ्यात अजून पोरांना अभ्यासाला बसवताना त्याचं नाव घेतात, रवीभाऊ. अनुप बघा, अमेरिकेत आहे. त्याची आई रोज कुणाला ना कुणाला सांगते. तो म्हणाला, हे कळलं तर ती पोरं काय करतील?”

रवीच्या वस्तीत त्याचंही नाव असंच घेतलं जायचं. ते नाव किती जड असतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

जुलैच्या शेवटी एक दिवस पंडितदादांनी ग्रुपवर विचारलं होतं, अनुप, टीमपुढे लाल खूण आहे, जिवंत आहेस ना? गंमतच केली होती त्यांनी. भावनाने ती वाचली आणि तिला वाटलं, आता कुणीतरी फोन करणार. तिने अनुपचा लॅपटॉप उघडला आणि कळेल तशी टीम लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली. लावायची तर नीट लावावी म्हणून वाचायला लागली, मॅच बघायला लागली. अनुपने टाकून दिलेल्या फोनवरच्या मेसेजची उत्तरंही तीच द्यायची. तिला वाटलं होतं, चार दिवसांचा प्रश्न आहे.

“आणि खरं सांगू?” ती म्हणाली. आता तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “लपवत होते, पण कुणालातरी कळावं असंही वाटायचं. शपथ माझ्यावर होती, तुमच्यावर नव्हती. त्या म्हाताऱ्या पिचरला काढलं ना, ते मुद्दाम काढलं. म्हटलं, अनुप याला काढणार नाही हे रवीभाऊंना माहितेय. आज त्यांचा फोन येईल. दिवसभर त्याचा फोन घेऊन फिरले मी. तुमचा अंगठा आला.”

रवीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो म्हणाला, वहिनी, माझं चुकलं. भावना नळ सोडून भांडी घासायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, जा खाली, तो जागा असेल.

बेसमेंटला वरच्या बाजूला एकच बारीक खिडकी, तीही बर्फाने अर्धी झाकलेली. अनुप सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून पडला होता. गालावर दाढी, अंगावर आरोहीच्या शाळेचं जुनं ब्लँकेट. पावलांचा आवाज ऐकून तो वळला नाही.

“आलास,” तो म्हणाला.

वाट पाहत असल्यासारखं म्हणाला, आणि त्यामुळे रवीचा धीर आणखीच सुटला. येताना गाडीत त्याने बरंच काही ठरवलं होतं: डॉक्टर, नोकरी, ओळखीपाळखी. त्यातलं एक वाक्य तोंडातून निघेना. तो खाली गालिच्यावर बसला आणि कुंडली सांगायला लागला. यंदा कुणाचं काय होणार. पंडितदादांचं पिचिंग कसं बोंबललंय. आपण स्वतः पुन्हा तळालाच कसे जाणार आहोत. अनुप ऐकत होता की नाही, कळत नव्हतं. बोलताबोलता रवी इंदोरा इलेव्हनपाशी आला. म्हणाला, या टीमचे दिवस येणार आहेत. पोरं तरणी आहेत, घाई कुठे केलेली नाही. दोन वर्षांत ही टीम पहिली येईल.

“चांगली चालवलीस बे,” अनुप भिंतीकडे बघत म्हणाला.

“मी?”

“मग कोण? बाबा गेले तेव्हा मी इंडियात होतो, तेव्हा तूच चालवली होतीस ना. पासवर्ड तुझ्याचकडे होता.” तो थांबत थांबत बोलत होता, शब्द शोधावे लागत असल्यासारखा. “जुन्या टॅबवर साइटचे मेल यायचे मला. आज याला घेतलं, आज त्याला काढलं. वाटायचं, रवीला कळलंय. विचारत नाही, पण सांभाळतोय. येईल एक दिवस. तेवढं एकच बरं वाटायचं रे.”

हो म्हणणं किती सोपं होतं. अनुपला बरं वाटलं असतं, रवीची लाज राहिली असती, आणि या घरात तिसऱ्या कुणाला विचारणार कोण? पण वरून भांड्यांचा आवाज येत होता. इतक्या महिन्यांत हा माणूस ज्या एका गोष्टीवर तग धरून होता, ती गोष्ट तिने केली होती, आणि तिचं श्रेय घेऊन आपण नेपरव्हिलला परत जायचं, हे रवीला जमेना. त्याला भीतीही वाटत होती. पडत्या माणसाचा टेकू काढून घ्यायचा म्हणजे काय, हे त्याला कळत होतं.

“मी नव्हतो, अनुप,” तो म्हणाला. “मला या आठवड्यापर्यंत काहीसुद्धा माहीत नव्हतं. मी विचारलंच नाही कधी. टीम वहिनींनी चालवली. सगळी. पहिल्या दिवसापासून.”

रवीच्या मनात नाही नाही ते येऊन गेलं. मग अनुप वळला. त्याने रवीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, आणि ब्लँकेट बाजूला करून पाय जमिनीवर ठेवले. त्याने हाक मारली. पहिल्यांदा आवाज फुटला नाही, म्हणून दुसऱ्यांदा मारली.

“भावना.”

वरचा नळ बंद झाला. जिन्याचं दार उघडलं आणि ती निम्म्या पायऱ्या उतरून थांबली, हात ओलेच. तिने आधी रवीकडे बघितलं, काहीतरी वाईट झालं असेल या भीतीने, मग उठून बसलेल्या नवऱ्याकडे.

“बेसबॉल कधी शिकलीस तू?” अनुपने विचारलं.

“तू झोपला होतास तेव्हा.”

तिला ते हसून म्हणायचं होतं. जमलं नाही. ती तिथेच पायरीवर बसली आणि ओल्या हातांत तोंड धरून रडायला लागली, जूनपासूनचं सगळं. अनुप जरा वेळ बघत राहिला. मग सोफ्याचा हात धरून उठला, भिंतीला धरून जिन्यापर्यंत गेला, एकेक पायरी चढला आणि तिच्या खालच्या पायरीवर टेकला. तिने रडताना त्याच्या खांद्यावर एक जोरात चापट मारली, मग दुसरी, आणि हात तिथेच ठेवला.

त्या दोघांना एकटं सोडावं म्हणून रवी उठला, पण जिना तेवढाच एक आणि त्यावर ते दोघं बसलेले. वर जायला वाट नव्हती. तो परत गालिच्यावर बसला.